'नुसता खेळाडू' म्हणणाऱ्यांना उत्तर

ब्रिटनमधल्या प्रभावशाली कृष्णवर्णीय व्यक्तींची 'पॉवरलिस्ट' ही यादी २००७ पासून प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या अग्रस्थानी फॉर्म्युला वन शर्यतींचे विश्वविजेते लुइस हॅमिल्टन होते. अशा यादीत, मग ती लंडनची असो की न्यूयॉर्कची, खेळाडूचे नाव वर दिसले की शिकल्यासवरल्या लोकांत एक हरकत हमखास घेतली जाते. शल्यविशारद, न्यायाधीश, शास्त्रज्ञ, प्राध्यापक यांच्या रांगेत चेंडू मारणारा किंवा गाडी पळवणारा माणूस कशाला? त्याने करमणूक केली, पैसा मिळवला, टाळ्या घेतल्या. समाजावर त्याचा प्रभाव तो कोणता? मग याहून गंभीर मुद्दा येतो. कृष्णवर्णीयांना निसर्गाने शरीर दिले, बुद्धी दिली नाही, हे वंशवाद्यांचे जुनेच म्हणणे आहे. खेळाडूंना समाजाचे अग्रणी म्हणून मिरवणे म्हणजे त्या म्हणण्यावर आपणच शिक्कामोर्तब करणे.

ही हरकत मला चुकीची वाटते, पण ती क्षुल्लक मुळीच नाही. तिच्यामागे मोठी माणसे उभी आहेत. अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ साली 'द टॅलेंटेड टेन्थ' या निबंधात सांगितले की कृष्णवर्णीयांचा उद्धार त्यांच्यातली उच्चशिक्षित, कर्तबगार माणसे करतील, दहांतला तो एक करील. फेब्रुवारी १९७७ मध्ये टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कृष्णवर्णीय आईबापांना अनावृत पत्र लिहिले आणि मुलांना ग्रंथालयात पाठवा असे कळकळीने विनवले. विम्बल्डन जिंकून त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती. १९६८ च्या ऑलिंपिकवेळच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चळवळीचे नेते, समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनीही पुढे वारंवार बजावले की खेळाच्या एकाच स्वप्नामागे धावून काळ्या वस्त्यांतल्या पिढ्या वाया जात आहेत. आणि १९९७ मध्ये जॉन होबरमन यांनी 'डार्विन्स अ‍ॅथलीट्स' या ग्रंथात हे सारे एकत्र मांडले: खेळाने कृष्णवर्णीय अमेरिकेचे नुकसान केले आणि वंशाची दंतकथा जिवंत ठेवली.

या पूर्वपक्षात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. काळ्या मुलाने आयुष्यात कोणता मार्ग धरावा, हा एक. कृष्णवर्णीयांच्या सार्वजनिक जीवनाला कोणी वळण दिले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला अ‍ॅश यांनी दिलेले उत्तर बिनतोड आहे. व्यावसायिक संघांतल्या जागा मोजक्या, त्यांच्यामागे धावणारी मुले लाखोंनी, आणि न पोचलेल्यांच्या हाती पदवीही नाही. यावर वाद घालण्याचे कारण नाही. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर इतिहासात पाहावे लागते, आणि इतिहास खेळाडूंच्या बाजूने साक्ष देतो.

मुष्टियोद्धे जॅक जॉन्सन यांच्यापासून सुरुवात करू, कारण आदर्श म्हणून त्यांचे नाव कोणीच पुढे करणार नाही. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीला टॉमी बर्न्स यांना हरवून ते जगातले पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट विजेते झाले. गोऱ्यांचा मान परत मिळवण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रीज यांना पुन्हा रिंगणात उतरवले गेले. ४ जुलै १९१० ला नेव्हाडातल्या रिनो इथे जॉन्सन यांनी त्यांनाही हरवले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. लढतीचे चित्रपट दाखवू नयेत म्हणून ठिकठिकाणी बंदी आली, आणि १९१२ साली अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच केला. तो १९४० पर्यंत टिकला. एका काळ्या माणसाचा विजय पडद्यावर दिसू नये म्हणून देशाच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला, याहून प्रभावाचा मोठा पुरावा कोणता हवा? वंशभेदाची सगळी इमारत गोरा माणूस जन्मतःच श्रेष्ठ आहे या दाव्यावर उभी होती. तो दावा पुस्तकांत खोडून काढणारे विद्वान होतेच, पण ती पुस्तके न वाचण्याची सोय गोऱ्या समाजाला होती. पंचाने दहापर्यंत मोजलेले आकडे न ऐकण्याची सोय कोणालाच नव्हती.

डू बॉइस यांना हे कळले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये 'द क्रायसिस' या आपल्या नियतकालिकात त्यांनी जॉन्सन यांच्यावर टिपण लिहिले. मुष्टियुद्धाचे कौतुक त्यांना नव्हते. तरीही त्यांनी स्पष्ट म्हटले की या खेळाच्या रानटीपणाचा साक्षात्कार गोऱ्या समाजाला काळा माणूस जिंकल्यावरच झाला आहे, आणि जॉन्सन यांचा खरा अपराध त्यांचा रंग हाच आहे. 'टॅलेंटेड टेन्थ'चा दाखला देणारे हे टिपण सहसा वाचत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की जॉन्सन यांचा परिणाम झाला तो त्यांच्या हेतूविना. वादळाचाही परिणाम होतोच, म्हणून वादळाला कोणी सार्वजनिक व्यक्ती म्हणत नाही. जाणतेपणी, वर्षानुवर्षे समाज बदलण्यासाठी झटलेला खेळाडू दाखवा. तर मग क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्याकडे वळू.

१९०१ साली त्रिनिदादमध्ये जन्म. आईचे आईवडील गुलाम होते, वडील कोकोच्या मळ्यावर मुकादम आणि चांगले क्रिकेटपटू. मुलगा वकिलाच्या कचेरीत कारकुनी करायचा. काळ्या माणसाला त्या कचेरीत वर चढायला फारशी वाट नाही हे त्याने ओळखले होते. वेस्ट इंडीजच्या १९२८ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध त्यांनी ८६ धावा, दुसऱ्या डावात ५७ धावांत ७ बळी आणि मग १०३ धावा अशी कामगिरी केली. तिच्या जोरावर लँकशायरमधल्या नेल्सन या गिरणगावाच्या क्लबने त्यांना व्यावसायिक म्हणून बोलावले. १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. आधी मुले खिडकीतून डोकावून हा माणूस कसा दिसतो ते पाहायची. काही वर्षांत तो गावाचा माणूस झाला. आज आपण 'समाजमन बदलणे' असे सैलपणे म्हणतो. ते नेल्सनमध्ये दर शनिवारी मैदानाच्या कठड्याशी घडत होते, आणि तिथे उभे असत ते सूतगिरण्यांतले कामगार.

कॉन्स्टंटाइन यांच्या नेल्सनमधल्या घरात १९३२ साली एक पाहुणा येऊन राहिला: सी. एल. आर. जेम्स. पुढे 'द ब्लॅक जॅकोबिन्स' लिहून हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास जगापुढे आणणारे जेम्स तेव्हा त्रिनिदादहून आलेले एक अप्रसिद्ध शिक्षक होते. त्यांनी लिहिलेले त्रिनिदादचे नेते कॅप्टन सिप्रियानी यांचे चरित्र नेल्सनमध्ये छापले गेले ते कॉन्स्टंटाइन यांच्या मदतीने. त्याचा संक्षेप १९३३ साली वेस्ट इंडीजच्या स्वराज्याची मागणी करणारी पुस्तिका म्हणून लंडनमध्ये निघाला. खेळाडू आणि विचारवंत हे दोन वेगळ्या प्रतीचे लोक आहेत असे मानणाऱ्यांनी या घरातला हिशेब पाहावा. विचारवंताच्या लेखणीला आसरा मिळाला तो खेळाडूच्या मिळकतीवर, आणि जेम्स यांनी तो ऋणभाव १९६३ च्या 'बियाँड अ बाउंडरी'त मोकळेपणाने नोंदवला आहे.

जुलै १९४३ मध्ये लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी कॉन्स्टंटाइन पत्नी आणि मुलीसह लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधल्या इम्पीरियल हॉटेलात त्यांनी चार रात्रींसाठी खोल्या राखून ठेवल्या होत्या. तिथे पोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की एकच रात्र राहता येईल. काळ्या माणसांच्या वास्तव्याला अमेरिकी पाहुण्यांची हरकत असेल. त्या वेळी ते ब्रिटनच्या श्रम मंत्रालयासाठी काम करत होते आणि युद्धकामासाठी आलेल्या वेस्ट इंडियन तंत्रज्ञांची लिव्हरपूलमध्ये काळजी घेत होते. हॉटेलवर त्यांनी दावा लावला. वंशभेदाविरुद्ध ब्रिटनमध्ये तेव्हा कायदाच नव्हता, म्हणून खाणावळवाल्याने आलेल्या प्रवाशाला विनाकारण परत पाठवू नये या जुन्या सामान्य-विधीतल्या कर्तव्याचा आधार घ्यावा लागला. जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरपाई नाममात्र, पाच गिनी. पण त्या निकालाने एक पोकळी उघडी पाडली: रंगावरून झालेल्या अपमानाला ब्रिटिश कायद्यात नावही नव्हते. ती पोकळी भरायला १९६५ चा वंशसंबंध कायदा यावा लागला, आणि त्याखाली १९६६ मध्ये नेमलेल्या मंडळाचे एक सदस्य होते लिअरी कॉन्स्टंटाइन.

मधली वर्षेही रिकामी नव्हती. १९५४ मध्ये त्यांनी बॅरिस्टरची सनद घेतली आणि त्याच वर्षी त्यांचे 'कलर बार' हे पुस्तक आले. त्रिनिदादला परतून ते मंत्री झाले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९६२ मध्ये उच्चायुक्त म्हणून लंडनला आले. १९६३ च्या वसंतात ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या-सावळ्यांना चालक आणि वाहक म्हणून घ्यायला नकार दिला आणि पॉल स्टीफन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला, तेव्हा या उच्चायुक्ताने राजनैतिक संकेत बाजूला ठेवून बहिष्काराला उघड पाठिंबा दिला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी उठवली. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग बोलत होते. कॉन्स्टंटाइन यांच्या या जाहीर भूमिकेने त्यांच्या सरकारची नाराजी ओढवली आणि १९६४ मध्ये ते पदावरून बाजूला झाले. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. आपल्या किताबात त्यांनी त्रिनिदादमधल्या मारावालसोबत नेल्सनचेही नाव घेतले.

हे चरित्र पुढे ठेवले की समोरून उत्तर येते, की त्यांचे मोठेपण क्रिकेट सोडल्यावरचे आहे. खेळाडू म्हणून नव्हे, वकील आणि मुत्सद्दी म्हणून त्यांना मान द्या. ही वाटणी मला मान्य नाही. ते ज्यांची काळजी घेत होते त्या तंत्रज्ञांना हॉटेलांची, खोल्यांची, नाचघरांची दारे रोज बंद होत होती, आणि एकाचाही खटला वर्तमानपत्रांत गाजला नाही. न्यायालयात उभा राहिलेला माणूस ज्यांनी मैदानावर पाहिला होता अशी लाखो माणसे इंग्लंडमध्ये होती, म्हणून तो अपमान देशाला आपल्या अंगणात घडल्यासारखा वाटला. बॅरिस्टरीचे शुल्क क्रिकेटने भरले आणि 'कलर बार'ला वाचक क्रिकेटने मिळवून दिले. या माणसातून खेळाडू वजा केला तर उरलेला भाग उभाच राहत नाही.

जेम्स यांनी तर पुढे एका क्रिकेट कर्णधाराची नेमणूक हाच राजकीय लढा केला. वेस्ट इंडीजच्या संघात बहुसंख्य काळे, आणि कर्णधार मात्र नेहमीचा गोरा. त्रिनिदादमधल्या 'द नेशन'चे संपादक म्हणून त्यांनी चालवलेल्या मोहिमेनंतर १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर फ्रँक वॉरेल संपूर्ण मालिकेचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या बेटांना आपल्यातला माणूस आपले नेतृत्व करताना पहिल्यांदा दिसला. भारतीय वाचकांना वॉरेल वेगळ्या कारणाने आठवतात: मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, तेव्हा रक्त देणाऱ्यांत ते होते.

आता अ‍ॅश. त्यांचे १९७७ चे पत्र पूर्वपक्षाचे ब्रह्मास्त्र समजले जाते. पण ते पत्र एवढे गाजले कशाने? ग्रंथालयात जा, असा उपदेश हजारो काळ्या शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी त्याआधी केला होता. अ‍ॅश यांनी तो केल्यावर देशाने ऐकला. खेळाडूंचा प्रभाव नाकारण्यासाठी जे पत्र पुढे केले जाते, ते स्वतःच एका खेळाडूच्या प्रभावाचा नमुना आहे. शिवाय तो माणूस पत्रावर थांबला नाही. दक्षिण आफ्रिकेने दोनदा व्हिसा नाकारल्यावर १९७३ मध्ये ते तिथे खेळले. त्यांनी वर्णभेदी राजवटीला मान्यता दिली असा आरोप तिथल्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही केला, आणि हा आरोप अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण अलेक्झांड्रा वस्तीतल्या मार्क माथाबाने या किशोराने तिथे पहिल्यांदा असा काळा माणूस पाहिला जो गोऱ्यांसमोर मान खाली घालत नव्हता; पुढे तो मुलगा अमेरिकेत शिकला, लेखक झाला आणि वर्णभेदाखालचे आपले बालपण त्याने जगाला सांगितले. १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या दक्षिण आफ्रिकी दूतावासासमोर निदर्शने करताना अ‍ॅश यांना अटक झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये, एड्सने शरीर पोखरलेले असताना, हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाउससमोर त्यांनी पुन्हा अटक करवून घेतली. पाच महिन्यांनी ते गेले. दरम्यान १९८८ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचा तीन खंडांचा इतिहास 'अ हार्ड रोड टू ग्लोरी' त्यांनी सिद्ध केला होता, कारण एवढा सविस्तर इतिहास कोणी लिहिला नव्हता. शरीर आणि बुद्धी यांची फाळणी करणाऱ्यांनी या माणसाला कोणत्या बाजूला बसवायचे ते सांगावे.

व्हर्जिनियातल्या रिचमंड या त्यांच्या जन्मगावी हाच वाद दगडात आणि काशात झाला. तिथल्या मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर रॉबर्ट ली आदी दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे होते. ज्या शहरात रंगामुळे त्यांना टेनिसची मैदाने बंद होती, तिथे त्याच रस्त्यावर अ‍ॅश यांचा पुतळा बसवायचा ठराव आला तेव्हा सेनापतींच्या रांगेत टेनिसपटू शोभत नाही, असे गोरे म्हणाले. आमच्या माणसाला त्या रांगेत बसवू नका, असे काही काळेही म्हणाले. जुलै १९९६ मध्ये पुतळा उभा राहिला. त्याच्या एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पुस्तके, आणि पुस्तकांचा हात वर. २०२० आणि २०२१ मध्ये सेनानींचे पुतळे एकेक करून हटवले गेले. अ‍ॅश यांचा तिथेच आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत कसदार युक्तिवाद मात्र वेगळाच आहे, आणि त्याला उत्तर देणे मला सर्वांत कठीण गेले. तो असा: खेळाडू चळवळ घडवत नाही, चळवळ खेळाडूला घडवते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि बेसबॉलमधली रंगाची भिंत पडली. पण ती पाडण्यासाठी 'पिट्सबर्ग कुरिअर'चे वेंडेल स्मिथ आणि इतर पत्रकार कित्येक वर्षे लिहीत होते. डिसेंबर १९४३ मध्ये कृष्णवर्णीय संपादकांसोबत गायक-नट पॉल रोबसन यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना भेटून हीच मागणी केली होती. त्या रोबसन यांच्याविरुद्ध बोलायला जुलै १९४९ मध्ये काँग्रेसच्या समितीने रॉबिन्सन यांना बोलावले, आणि ते गेले. चळवळीने घडवलेला खेळाडू सत्तेने चळवळीच्याच माणसाविरुद्ध वापरला.

ही घटना खरी आहे आणि तिची वेदना झाकण्यात अर्थ नाही. त्याच साक्षीत रॉबिन्सन यांनी वंशभेदाचाही कडक शब्दांत निषेध केला होता, हेही खरे. आणि १९७२ च्या आत्मचरित्रात रोबसन यांच्याविषयीचा वाढता आदर त्यांनी नोंदवला, हेही. पण माझे उत्तर यावर अवलंबून नाही. चळवळ माणसाला घडवते हे खेळाडूंपुरते कुठे आहे? वकील थर्गूड मार्शल यांना हॉवर्ड विद्यापीठाने आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने घडवले. किंग यांना माँटगोमेरीच्या त्या स्त्रियांनी पुढे आणले ज्यांनी बस बहिष्काराची पत्रके रात्रभर छापली. यामुळे मार्शल किंवा किंग यांचा प्रभाव कमी होत नाही, मग रॉबिन्सन यांचाच का व्हावा? आणि ते कोरी पाटी घेऊन आले नव्हते. १९४४ मध्ये टेक्ससच्या कॅम्प हूड छावणीत लेफ्टनंट असताना त्यांनी बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला, लष्करी न्यायालयाला तोंड दिले आणि निर्दोष सुटले. रोझा पार्क्स यांच्या नकाराला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. ब्रुकलिनमध्ये ते उतरल्यानंतर पंधरा महिन्यांनी अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला, सात वर्षांनी शाळांतल्या विभक्ततेविरुद्ध ब्राउन खटल्याचा निकाल आला. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. पण काळे-गोरे एकत्र काम करूच शकत नाहीत, हा दावा रोज संध्याकाळी हजारोंच्या देखत खोटा ठरत होता. एनएएसीपीने १९५६ चे स्पिंगार्न पदक रॉबिन्सन यांना दिले, खेळाडूला प्रथमच. पुढच्या वर्षीचे पदक किंग यांना मिळाले. त्या काळातल्या चळवळीला ही दोन नावे एका माळेत ओवताना संकोच वाटला नाही.

खेळाडूकडे आणखी एक शक्ती असते, आणि ती शल्यविशारदाकडे किंवा प्राध्यापकाकडे सहसा नसते. त्याने खेळणे थांबवले तर खेळ थांबतो. २०१५ च्या शरद ऋतूत मिसुरी विद्यापीठात वंशद्वेषाच्या घटनांवरून विद्यार्थी संतापले होते. त्यांच्या गटाचे नाव 'कन्सर्न्ड स्टुडंट १९५०' होते, कारण त्या विद्यापीठाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५० साली घेतला. त्यांनी अध्यक्षांची गाडी मिरवणुकीत अडवली, निवेदने दिली. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अध्यक्ष टिम वुल्फ यांच्या राजीनाम्यासाठी आमरण उपोषण सुरू केले. अध्यक्ष हलले नाहीत. ७ तारखेच्या रात्री फुटबॉल संघातल्या सुमारे तीस कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही मैदानात पाऊल ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक आणि गोरे सहखेळाडू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. येत्या शनिवारचा सामना झाला नसता तर विद्यापीठाला प्रतिस्पर्ध्याला दहा लाख डॉलर द्यावे लागले असते. ९ नोव्हेंबरला सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला.

यावर म्हटले जाते की हा पैशाचा विजय झाला, विचारांचा नाही. माँटगोमेरीचा ३८१ दिवसांचा बस बहिष्कारही बस कंपनीच्या गल्ल्यावरच बसला होता, आणि त्याला कोणी हलके म्हणत नाही. ज्या श्रमांवर दुसरे श्रीमंत होतात ते श्रम मागे घेणे हे दुर्बलांचे फार जुने आणि फार सन्मान्य हत्यार आहे. मिसुरीच्या मुलांना तर पगारही नव्हता. ते शिष्यवृत्ती पणाला लावत होते. मुहम्मद अली यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामसाठी सैन्यभरतीला नकार दिला तेव्हा विजेतेपद आणि उमेदीची साडेतीन वर्षे गमावली; १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण ती वर्षे कोणी परत दिली नाहीत. कर्ट फ्लड यांची गोष्ट आपल्याकडे कमी माहीत आहे. १९६९ मध्ये त्यांच्या बेसबॉल संघाने त्यांना न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकले. माणूस ही खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे आयुक्तांना लिहून त्यांनी दावा लावला, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. कारकीर्द संपली. तीन वर्षांनी लवादाच्या निर्णयाने खेळाडूला एकाच संघाशी बांधून ठेवणारी ती पद्धत मोडली, आणि आजच्या प्रत्येक बेसबॉलपटूला, काळ्या किंवा गोऱ्या, मिळणाऱ्या करारस्वातंत्र्याच्या मुळाशी त्यांचा तो हरलेला दावा आहे. कामगार कायद्याच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. प्रभावशाली कृष्णवर्णीयांच्या यादीत ते का नसावे, हे मला कोणी पटवून द्यावे.

सगळे खेळाडू असे नसतात, हे मान्यच आहे. १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात हार्वी गँट हे कृष्णवर्णीय उमेदवार जेसी हेल्म्स यांच्याविरुद्ध सिनेटला उभे होते आणि त्याच राज्यात वाढलेल्या मायकेल जॉर्डन यांनी त्यांचा जाहीर प्रचार केला नाही. ते मौन मला आजही खटकते. पण एका खेळाडूच्या मौनामुळे सगळ्या खेळाडूंचे नाव कापायचे असेल, तर तोच नियम वकिलांना आणि न्यायाधीशांना लावावा लागेल. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांचे निकाल बहुसंख्य कृष्णवर्णीयांना पटत नाहीत, तरी म्हणून सर्वोच्च न्यायालयातली जागा प्रभावाची नाही असे कोणी म्हणत नाही. माणूस माणसागणिक पाहावा.

आणि नुसती कीर्ती म्हणजे नेतृत्व नव्हे, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. अस्पृश्य समाजातले पळवणकर बाळू पुण्यात आणि मुंबईत हिंदू संघासाठी बळी घेत होते तेव्हा त्यांना चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जात असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. मतदारांनी केलेली निवड योग्यच होती. पण म्हणून अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात बाळूंच्या डावखुऱ्या गोलंदाजीचे स्थान पुसले जात नाही. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ते साधार दाखवले आहे.

आजच्या काळाकडे येताना मार्कस रॅशफर्ड यांचा उल्लेख करावाच लागेल. लहानपणी शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेल्या या फुटबॉलपटूने जून २०२० मध्ये ब्रिटिश खासदारांना पत्र लिहिले की उन्हाळ्याच्या सुट्टीतही गरीब मुलांना जेवण मिळावे. सरकारने आधी नकार दिला आणि एका दिवसात तो फिरवला. इंग्लंडमधल्या सुमारे तेरा लाख मुलांसाठी १२ कोटी पौंडांची तरतूद झाली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. विरोधी पक्ष, धर्मादाय संस्था, आहारतज्ज्ञ हे सारे हीच मागणी करत होते. त्यांच्या अभ्यासाशिवाय पत्राला वजन आले नसते, आणि पत्राशिवाय सरकार हलले नसते.

त्याच उन्हाळ्यात, अटलांटा ड्रीम या महिला बास्केटबॉल संघात. संघाच्या सहमालक केली लेफ्लर या जॉर्जियाच्या सिनेटर होत्या. लीगने 'ब्लॅक लाइव्हज मॅटर'ला दिलेल्या पाठिंब्याला त्यांनी पत्र लिहून विरोध केला. संघातल्या बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय स्त्रिया, पगार पुरुष खेळाडूंच्या तुलनेत अगदी तुटपुंजे, आणि मालकीणच समोर. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, मालकिणीचे नाव घेणेही टाळले. निवडणुकीतल्या इतर उमेदवारांचा अभ्यास केला, त्यांच्यातल्या राफेल वॉर्नॉक यांच्याशी बोलल्या, आणि ऑगस्टमध्ये 'व्होट वॉर्नॉक' असे छापलेले टी-शर्ट घालून सामन्याला आल्या. इतर संघांनीही ते घातले. वॉर्नॉक तेव्हा राज्याबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. ५ जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत ते लेफ्लर यांना हरवून जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या फेरनिवडणुकीच्या निकालासह सिनेटमधले बहुमत पालटले. हा विजय जॉर्जियात वर्षानुवर्षे मतदार नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांचा होता. तरीही त्याची गोष्ट त्या टी-शर्टांविना कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. फेब्रुवारीत लेफ्लर यांचा संघातला वाटा विकला गेला. नव्या मालकांत रेने माँटगोमेरी होत्या: त्याच संघाच्या खेळाडू, ज्यांनी २०२० चा संपूर्ण हंगाम सामाजिक न्यायाच्या कामासाठी सोडून दिला होता.